मोनिकाच्या मशीनचा ताप

जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, रंगनाथचा कॉम्प्युटर फटकन बंद पडला. पडद्यावर त्याचं विमान अरबी समुद्रावर होतं, खाली निळं पाणी, वर निळं आभाळ. पुढच्या क्षणी काळ्या काचेत त्याचं स्वतःचंच तोंड, डोक्याला गुंडाळलेला मफलर आणि मागं भिंतीवरचं खताच्या दुकानाचं कॅलेंडर.

पंधरा दिवसांतली ही तिसरी वेळ.

तिसगावात रंगनाथला सगळे ओळखत. डाळिंबाची बाग, थोडा कांदा, दोन म्हशी, आणि ठिबकची नळी कुठं तुंबली ते पाण्याच्या नुसत्या चालीवरून सांगणारा माणूस. पण हा गडी माडीवर बसून विमान चालवतो, हे फक्त त्याच्या बायकोला, मनकर्णेला ठाऊक होतं. तिनं ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

कॉम्प्युटर मुळात त्यांच्या मुलीचा, मोनिकाचा. नगरला इंजिनिअरिंगला असताना तिनं एकेक भाग आणून तो याच माडीवर जोडला होता. प्रोसेसर गार ठेवायला लोक त्याच्यावर पंखा बसवतात. हिनं आत पाणी खेळवलं होतं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ब्लॉक, शेजारी काचेची टाकी, मुठीएवढा पंप, वरच्या अंगाला पंखे लावलेला रेडिएटर, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या आरपार दिसणाऱ्या नळ्या. पाणी ब्लॉकमधून उष्णता उचलायचं, रेडिएटरमध्ये निवायचं आणि पुन्हा फेरीला निघायचं. रंगनाथनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला होता, "हे तर आपलं ठिबकच की गं." मोनिका हसून लोटपोट झाली होती.

मग तिला नोकरी लागली ती थेट लंडनजवळच्या रेडिंग नावाच्या गावात. मशीन काही विमानातून नेण्यासारखं नव्हतं. ते माडीवर राहिलं, त्यावर मनकर्णेनं जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं.

गेल्या दिवाळीत मोनिका आठ दिवस येऊन गेली. जाताना ती आदल्या दिवशीच मुंबईला मैत्रिणीकडे गेली, म्हणून रंगनाथला या खेपेला विमानतळावर सोडायला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तिचं विमान. सकाळपासून त्याला काही सुचेना. बागेत गेला, अर्ध्यातून परत आला. शेवटी माडीवर जाऊन त्यानं साडीचं कव्हर काढलं. त्या मशीनमध्ये विमान चालवायचा खेळ होता. मोनिकानं सुट्टीत एकदा त्याला दाखवला होता आणि नंतर मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तो बऱ्यापैकी शिकला होता. खऱ्या घड्याळाप्रमाणे चालणारा खेळ, मुंबईहून लंडनला दहा तास म्हणजे दहा तास. एकला पाच मिनिटं कमी असताना त्यानं मुंबईच्या धावपट्टीवरून विमान उचललं. पोरगी तिकडं उडाली, हा इकडं. रात्री अकरापर्यंत तो तिच्याबरोबरच होता.

हे त्यानं मोनिकाला कधी सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

आता फेब्रुवारीत ती दहा दिवसांसाठी येणार होती. सोडायला आपण दोनदा गेलो, एकदा विमानतळापर्यंत आणि एकदा या खेळातून, आणायला मात्र एकदाही नाही, हे रंगनाथच्या मनानं घेतलं होतं. या खेपेला लंडनहून मुंबईपर्यंत तिला घेऊन यायचं, म्हणून तो सराव करत होता. आणि मशीन तापून बंद पडत होतं.

दुपारी त्यानं मोनिकाला व्हिडिओ कॉल लावला.

"कोपऱ्यात तापमानाचा आकडा येतोय ना, पप्पा? किती दिसतोय?"

"चालू केल्या केल्या पन्नास. मग बघता बघता अठ्ठ्यान्नव. शंभर झाले की खटका."

"अठ्ठ्याण्णव?" मोनिका खुर्चीत ताठ झाली. "तुम्ही नक्की काय लावता त्याच्यावर?"

"कांद्याचे भाव बघतो."

"कांद्याचे भाव बघून प्रोसेसर अठ्ठ्याण्णवला जात नाही."

रंगनाथनं ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं बाजूची काच काढायला सांगितली, त्यानं काढली. पंख्यांवर धुळीचा थर होता, तो रंगाच्या ब्रशनं झाडला. आकडा तोच. मशीन उजवीकडे कलवलं, डावीकडे कलवलं, नळीतून दोन-चार बुडबुडे गुळगुळ करत टाकीत आले. आकडा तोच.

"रेडिएटरला हात लावून बघा. चटका बसतो का?"

"न्हाई गं. गारच हाय. नळ्या बी गार."

"पाणी गार आणि प्रोसेसर उकळतोय," मोनिका स्वतःशीच बोलली. "म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. ब्लॉकखालची, उष्णता पुढं नेणारी पेस्ट वाळली असेल. ती बदलू."

रंगनाथ मात्र टाकीकडे बघत उकिडवा बसला होता. तिथं नळीतून पाणी परत पडत होतं.

"मोना, पंपाचा आवाज बराबर हाय. पन धार बघ. तू हुतीस तवा कसं धो धो पडायचं. आता करंगळीएवढं पडतंय. पंप चांगला आन धार बारीक, मंजी मधी कुठंतरी चोक झालंय. ठिबकला असंच हुतं, कचरा साचला की."

तिकडं तिनं कपाळावर हात मारला. मग मोनिका म्हणाली, "पप्पा, हे मला सुचायला पाहिजे होतं. ब्लॉकच्या आत तांब्याच्या पात्या असतात, केसाएवढ्या फटी. तिथंच अडकलं असणार. उघडावा लागेल."

"मी उघडू?"

"मग कोण? मी इथं बसलेय."

ते ती सहज बोलली. पण फोन ठेवल्यावर रंगनाथ बराच वेळ ती उघडी काच मांडीवर घेऊन बसून राहिला. आतल्या प्रत्येक तारेला तिनं काळ्या दोऱ्यानं गाठ मारली होती, दर चार बोटांवर एक. केवढ्या निगुतीनं मारलेली. पंचविशीत आलेली पोरगी त्याच्या डोळ्यांपुढं नव्हतीच. ओठ दातात धरून तारा बांधत बसलेली, हाक मारली तरी न उठणारी ती मोना होती.

मंगळवारी तो नगरला जाऊन पेस्टची नळी, नट खोलायची बारीक चावी आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन घेऊन आला. बुधवारी संध्याकाळी, मोनिकाच्या जेवणाच्या सुट्टीत, कामाला सुरुवात झाली. मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. मनकर्णा कधी माडीवर येऊन या कामात बसत नसे. आज मात्र ती परात घेऊन आली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. पाणी परातीत सोडलं, ते हिरवट निघालं. ब्लॉक सुटला. त्याचे सहा स्क्रू रंगनाथनं एकेक करून वाटीत ठेवले आणि झाकण उचललं.

पात्या दिसतच नव्हत्या. सगळीकडे राखाडी-हिरवा बुळबुळीत गोळा, कडेनं पांढरे क्षार.

"अरे देवा!" मोनिका म्हणाली. "हे शेवाळ आहे. आणि क्षार कुठून आले? मी यात औषध घातलेलं पाणी भरलं होतं. पप्पा, तुम्ही वरून साधं पाणी घातलंत का?"

"न्हाई बा. मी झाकनाला हात बी न्हाई लावला."

"मग बोअरचं पाणी आपोआप गेलं?"

"आईशप्पथ न्हाई घातलं."

"मी घातलं," मनकर्णा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मनकर्णा परातीतल्या पाण्याकडे बघून बोलत होती.

"तू दिवाळीहून गेलीस त्या दिवशी. ह्यांनी दुपारपासून इमान धरलं हुतं. तू वर, हे हितं. सांजच्याला मी च्या घिऊन आले तर ह्यांचा डोळा लागलेला, खुर्चीतच. इमान आपलं आपलं चाललंय. आन त्या काचंच्या टाकीत पानी पार तळाला गेल्तं. मला वाटलं, आता हे बंद पडतंय. तू अजून पोचली नव्हतीस. मग माठातलं दोन तांबे घातलं. मला काय ठावं, कुठलं पानी चालतं ते. इमान पडू नये एवढंच."

रंगनाथनं मान वर केली नाही. स्क्रूची वाटी उगीच हलवत राहिला.

"माझं विमान?" मोनिकानं विचारलं. "पप्पा, तुम्ही माझ्याबरोबर... दहा तास?"

"टाइमपास गं. बसलो हुतो रिकामा."

"सांगायचं ना."

"काय सांगू?"

मोनिका पडद्याबाहेर गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा नाक लाल होतं, पण आवाज कामाचा होता. "बरं. आता स्वच्छ करू. घासणी लावायची नाही, तांबं खरवडेल. जुना मऊ टूथब्रश आणा."

"तांब्याला चिंच लावते की मी," मनकर्णा म्हणाली.

"चिंचेचा चोथा अडकेल. लिंबू पिळ पाण्यात, गाळून घे."

मनकर्णेनं लिंबू गाळलं. ब्रश तिनंच हातात घेतला. देवाचा तांब्या घासायचा हात तो, फटीफटीतून असा फिरला की पंधरा मिनिटांत पात्या कोऱ्या तांब्यासारख्या चमकायला लागल्या. रंगनाथनं नळ्या धुतल्या, दोनदा डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून काढल्या. पेस्ट हरभऱ्याएवढी लावली, ब्लॉक बसवला, स्क्रू मोनिका सांगेल तसे समोरासमोरचे आवळले. पाणी भरलं. पंप सुरू झाला, नळ्यांतून हवेचे गोळे धावले, आणि टाकीत जाड धार पडायला लागली. धो धो.

मशीन चालू करून त्यानं विमान लावलं. आकडा पन्नासवरून चढला, साठला गेला, त्रेसष्टवर थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्रेसष्टच.

"आता खुशाल चालवा," मोनिका म्हणाली. "आणि आई, पाणी कमी झालं तर कॅनमधलं घाल." तिची सुट्टी संपली होती. फोन लगेच कट झाला.

पुढचे दोन आठवडे रंगनाथ खुशीत होता. येण्याची तारीख त्यानं कॅलेंडरवर पेननं गोल करून ठेवली होती. मनकर्णेनं शेंगदाण्याची चटणी कुटून बरणी भरली. आणि गुरुवारी मोनिकाचा फोन आला. कंपनीत काम अडकलं होतं, रजा पुढे ढकलली होती. मे महिन्यात नक्की, असं ती दोनदा म्हणाली. रंगनाथ "बरं बरं, काम आधी" म्हणाला आणि ठिबकचा फिल्टर धुवायचाय असं सांगून उठला. फिल्टर त्यानं सकाळीच धुतला होता.

शनिवारी, ज्या दिवशी ती निघणार होती त्या दिवशी, तो सकाळी धारा काढून आला तर मनकर्णा माडीवर होती. मशीनचं कव्हर काढून घडी करून ठेवलेलं. शेजारी दुसरी खुर्ची आणलेली. टेबलावर भाकरीचं फडकं, चटणी, पाण्याचा तांब्या.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"चला."

"अगं, कुठं? ती न्हाई येत."

"ती न्हाई येत तर आपन जाऊ."

त्यानं खुर्ची ओढली. मग बसला. सात वाजता विमान मुंबईवरून उठलं. मनकर्णेनं टेबलाची कड घट्ट धरली होती, समुद्र लागल्यावर सोडली. दुपारी तीनेक तास तिनं एकटीनं पहारा केला, रंगनाथ बागेत पाणी सोडून आला तेव्हा तिनं हिशोबानं सांगितलं, "आकडा चौसष्ट. एकदा पासष्ट झाल्ता." मधे डोंगर लागले, बर्फ लागला, पुन्हा समुद्र. कुठल्या देशावर आहोत ते ती विचारत नव्हती. "किती ऱ्हायलं?" एवढंच.

पाचला लंडनच्या अलीकडं ढग आले. रंगनाथनं विमान खाली घेतलं, नदीच्या कडेकडेनं पुढं नेलं. ओळीनं विटकरी घरं, मधे हिरवळीचे तुकडे, दोन नद्या मिळतात ती जागा.

"हे रेडिंग," तो म्हणाला.

मनकर्णा इतकी पुढं झुकली की तिचं नाक पडद्याला लागायचं राहिलं. "तिचं घर कुठलं?"

"त्ये न्हाई कळत एवढं. सगळी सारखीच हायत."

"अजून एक फेरी मारा."

त्यानं मारली. मग आणखी एक. तिला एक घर पसंत पडलं, नदीजवळचं, समोर झाड असलेलं. रंगनाथनं वाद घातला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि समोरचा तेलाचा काटा खाली चालला होता. त्यानं विमान वळवलं आणि लंडनच्या धावपट्टीवर उतरवलं. जरा आपटलं, पण उतरलं.

खाली म्हशी ओरडत होत्या. रंगनाथनं अवघडलेली मान मोकळी केली, खुर्ची मागं सारली. "आता परतीचं तेल भरावं लागंल," तो म्हणाला. "उद्या आनतो परत."

मनकर्णा भाकरीचं फडकं घडी करत होती.

"नका आनू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तिथंच उभं. मे महिन्यात तिला बसवूनच आना."

रंगनाथनं थोडा विचार केला. मग विमान जिथं होतं तिथंच ठेवून त्यानं मशीन बंद केलं, आणि दोघं धारा काढायला खाली उतरली.