चिमाजीची अर्धी वाटी

माझी धाकटी बहीण साळू मार्गासनीला दिलेली. तिच्या चिमाजीच्या उष्टावणाला मी आणि आमचा भाऊ सोनबा गुंजवण्याहून चालत निघालो. पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून सोनबा अंगरखा धुऊन, कनवटीला चांदीचे वाळे बांधून मोठ्या ऐटीत चालला होता. मी मात्र धास्तावलेली होते. साळूचं पहिलं पोर, गेनबा, असंच उष्टावण झालं आणि दोन दिवसांत गेलं. सासू धोंडाबाईनं गावभर केलं, की साळूचं दूधच कडू. ते दूध चाखून बघायला कोण गेलं होतं कुणास ठाऊक! पण साळूनं ते खरं धरलं होतं. चिमाजीला छातीशी घेताना ती आधी देवाला हात जोडायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही पोचलो तेव्हा चुलीवर गुरगुट्या भात रटरटत होता. साळूला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं. धोंडाबाई, तिची जाऊ ठकुबाई आणि नणंद बाळाबाई अशा तिघी आलटूनपालटून आत-बाहेर करत होत्या. एक देवाची भांडी घासायला जाई, तोवर दुसरी चुलीशी बसे. त्या घराचा दंडक असा, की आधी देवाला नैवेद्य, मग पोराच्या तोंडी घास. तोवर त्या भाताचं शीत कुणाच्या जिभेला लागता कामा नये. मी नुसतं वाकून पातेल्यात बघितलं, तर धोंडाबाई डाफरली, "लांब व्हा, वास घिऊ नगा!"

साळूनं मला गोठ्याच्या बाजूला ओढलं. चिमाजी तिच्या खांद्यावर मजेत मूठ चोखत होता.

"आक्का, मला लई भ्या वाटतंय. गेनबा खाल्ल्यापासनं सारका व्हट चाटत हुता. दुपटं कोरडं ठाक. म्या पानी पाजते म्हनलं, तर आत्याबाई म्हनल्या, एवढ्याशा पोराला पानी देत्यात व्हय? भूक लागलीया त्याला. आन् त्योच भात पुन्ना चारला."

मला तेव्हा काहीच उमगलं नाही. "उगं वंगाळ बोलू नगं," एवढंच म्हटलं.

नैवेद्य झाला. सोनबा पाटावर बसला, चिमाजीला मांडीवर घेतलं आणि बोटभर भात त्याच्या तोंडात घातला. पोरानं असं काही तोंड वाकडं केलं, की सगळे खो खो हसले. मीही हसले.

"गुळचट न्हाई लागत त्याला," म्हणत ठकुबाईनं वाटीत गूळ कुस्करला. बाळाबाईनं वरून तुपाची धार सोडली. आता भात गिळगिळीत झाला, घशाखाली सरसर उतरू लागला. सोनबा भरवत राहिला. अर्धी वाटी संपली आणि चिमाजी जीभ बाहेर काढून ओठ चाटू लागला.

साळूचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, थांब."

"थांबायचं न्हाई!" धोंडाबाई गरजली. "मामाच्या हातची वाटी रिकामी झालीच पायजे. ठेवली तर पोर जल्मभर उपाशी ऱ्हातंय."

सोनबा माझ्याकडं बघू लागला. भरवणारा हात तसाच हवेत. चिमाजी पुन्हा ओठ चाटू लागला, पुन्हा पुन्हा. तेवढ्यात साळू पुढं झाली, भावाच्या हातून वाटी हिसकावली आणि बोटांनी भात उचलून स्वतःच्या तोंडात घातला.

"उष्टं केलंस!" धोंडाबाई किंचाळली. "अवदसा आठवली का तुला?"

साळूनं घास तळहातावर थुंकला. "मीठ हाय. निस्तं मीठ!"

"म्या तर चिमूटभरच घातलं," धोंडाबाई म्हणाली.

"तू घातलंस?" ठकुबाई चाचरत म्हणाली. "आगं, तू देवापाशी हुतीस. ऱ्हायलं आसंल म्हनून म्याबी घातलं."

सगळ्यांच्या माना बाळाबाईकडं वळल्या. तिनं पदर तोंडाला लावला. "पातेलं मोटं हुतं... म्या मूठ घातली."

चाखायचं नाही, म्हणून विचारायचंही नाही, अशी ती शहाणी माणसं. मला इतका संताप आला, की पातेलं उचलून तिघींच्या पुढ्यात उपडं करावंसं वाटलं.

धोंडाबाईनं पुढं होऊन वाटीतला घास तोंडात घातला. ती थुंकली नाही. डोळे मिटून सगळा गिळला.

"गेनबाच्या येळंलाबी चुलीपाशी आमी तिघीच हुतो," ती हळूच म्हणाली.

साळू कोपऱ्यात वळून पोराला पाजू लागली. तो अधाशासारखा ओढत होता, मध्येच सोडून रडत होता.

"बैल जुपू?" सोनबानं विचारलं. दवाखाना भोरला, जायचं तर बैलगाडीनं.

"जूप," धोंडाबाई म्हणाली आणि निववलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन स्वतःच आधी गाडीत चढली.

वाटभर साळू पाजायची आणि पाजून झालं की धोंडाबाई पोराला मागून घ्यायची. चमच्यानं थेंब थेंब पाणी त्याच्या तोंडात सोडायची. दुसरा हात त्याच्या ढुंगणाखाली धरलेला. गाडी खडीवरून आदळत होती, तरी तिनं तो हात काढला नाही. दुपटं कोरडंच होतं. ऊन कलायला आलं तरी कोरडंच. सोनबा मागं वळून विचारायचा आणि आम्ही तिघी नुसत्या माना हलवायचो.

पार उत्रोलीच्या अलीकडं आलो आणि धोंडाबाई एकदम ताठ झाली.

"वलं झालं," ती म्हणाली. "साळू, वलं झालं गं!"

तिच्या लुगड्यावरून धार खाली गाडीच्या गवतात चालली होती. सोनबानं बैल थांबवले. मी रडत सुटले. साळूनं पोराला ओढून घेतलं आणि त्याचं तोंड छातीशी धरलं. या वेळी तिनं हात जोडले नाहीत.

धोंडाबाई तो ओला हात तसाच धरून बसली होती.

"तुजं दूद कडू नव्हतं गं पोरी," ती म्हणाली. "आमच्या हातचं खारं हुतं."

साळूनं काही तरी बोलावं, चांगलं सुनवावं, असं मला फार वाटलं. ती फक्त म्हणाली, "आत्याबाई, ह्येच गावात सांगा."