शब्द अडलेला सुतार

मेंदूला झटका येऊन ज्यांचे शब्द हरवले, त्यांना पुन्हा बोलतं करणं हे धाकट्या सुनेचं काम. तिच्या उपचार केंद्रात पेशंटच्या घरच्यांसाठी एक माहितीपत्रक काढायचं ठरलं आणि लिहिणं तिच्याच गळ्यात पडलं. तिनं परिच्छेद लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि शेवटी सासूबाईंपुढे ठेवला.

सासूबाईंनी उभी हयात शाळेची विज्ञानाची पुस्तकं लिहिण्यात घालवली होती. त्यांच्या नजरेला सून जरा वचकूनच असायची. परिच्छेदात उदाहरणांची नुसती खैरात होती: बंद कपाट, तुटलेली तार, विस्कटलेलं ग्रंथालय, धुक्यातला रस्ता.

"एकावर नजर ठरते न ठरते तोच दुसरं हजर," सासूबाई म्हणाल्या. "यातलं तू डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं?"

एकही नव्हतं. मग विषय सोडून दिल्यासारखं करत सासूबाईंनी आज केंद्रात कोण आलं होतं ते विचारलं. ती एका शिंप्याबद्दल सांगू लागली. त्याला कात्री हवी होती, पण शब्द काही केल्या येईना. सुई म्हणाला, कापड म्हणाला, स्वतःवरच चिडला. शेवटी दोन बोटं हवेत कात्रीसारखी चालवली. कात्री मिळाल्यावर त्यानं कापड असं सरळ कापलं की बघत राहावं. लेक मात्र बापाला काही कळतच नाही असं धरून, तान्ह्या बाळाशी बोलावं तशी बोलत होती.

"हेच लिही. फक्त त्याचा सुतार कर, हातात करवत दे. त्या बिचाऱ्याची ओळख चव्हाट्यावर नको."

सुनेनं चारही उपमांवर काट मारली आणि सुतार लिहून काढला. तिला वाटलं, सुटले. पण सासूबाई इतक्यात कुठल्या सोडायला. वाचणारा घाबरलेला असतो, या गोष्टीत नेमकं काय पाहायचं ते त्याला सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आधी एक साधं वाक्य आलं: शब्द अडला म्हणजे समज गेली असं नाही. मग सुतार आला. त्याच्यामागून हे आलं: करवत म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, नाव तेवढं सापडत नव्हतं. तेव्हा घाई न करता वेळ द्या. शेवटची भर सुनेनं आपणहून घातली: काहींना ऐकलेलं समजायलाही जड जातं, ते तपासून घ्यावं लागतं.

ती ओळ सासूबाईंनी दोनदा वाचली. "उदाहरण कुठं लागू पडत नाही तेही सांगावं, हे मला कित्येक वर्षं सुचलं नव्हतं गं."

आपल्याला शिकवता शिकवता स्वतःचं उणं इतक्या सहज सांगून टाकणारी ही बाई सुनेला त्या क्षणी फार मोठी वाटली.

पत्रक छापून आलं. एका सकाळी केंद्रातल्या बाकावर एक बाई ते वाचत बसली होती. शेजारी तिचा नवरा "ते... ते..." करत होता. एरवी ती पाणी, चष्मा, रुमाल असे शब्द भराभर पुढे करायची, हे सून रोज पाहत होती. आज तिनं पत्रक मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत थांबली. त्यानं खिडकीकडे बोट केलं, डोळे किलकिले केले, ओठ जुळवले.

"ऊन," तो म्हणाला.

ती उठली आणि पडदा ओढला.