धाकटा मला सगळीकडे नेतो

धाकट्याने माझा जीव नकोसा करून टाकला आहे. छळतो असं नाही. छळणाऱ्याला मी पुरून उरते. हा मला घरी एकटी ठेवत नाही. केस कापायला निघाला की, "आई, चप्पल घाल." टायर बदलायला निघाला की, चप्पल घाल. दात काढायला गेला तेव्हाही मला बाहेर बाकावर बसवलं, आणि तोंडात कापूस कोंबलेला असताना दारातून डोकावून बघितलं, मी आहे ना.

शेजारीण म्हणते, "नशीब काढलंत हो."

मी म्हटलं, "घेऊन जा चार दिवस. टायरच्या दुकानात बसून बघा."

धाकटा हेलिकॉप्टरवर असतो. चालवत नाही. अपघातात सापडलेल्यांना उचलून इस्पितळात नेतात, तेव्हा मागे बसून त्यांचा श्वास चालू ठेवायचं काम त्याचं. मला अक्षर लावून लावून वाचता येतं, पण त्याच्या छातीवरचा बिल्ला मी एका दमात वाचते.

गेल्या आठवड्यात त्याने कहर केला. मला ड्युटीवरच घेऊन गेला. "बस त्या कोपऱ्यात, दुपारी निघू." खोलीत एक फाटका कोच, चहाची किटली, खुंट्यांवर हेल्मेटं. खिडकीबाहेर ते यंत्र उभं. हा ऑक्सिजनच्या नळकांड्या तपासायला गेला, तेवढ्यात पायलट आला. केस पिकलेला, सरळ माणूस.

"मावशी, तुम्हाला इथे बसता येत नाही."

"मला हौस आलेली नाही. तुमच्या माणसाला सांगा."

"त्यालाच सांगून थकलो," म्हणाला, आणि समोर बसला. "दगडाच्या खाणीवरून एक मुलगी उचलली होती आम्ही. तिची आई दाराचा दांडा सोडेना. आत जागा नव्हती, वजनही झेपलं नसतं. यानेच तिची बोटं एकेक करून सोडवली. मुलगी वाटेत गेली. आई रस्त्याने मागून आली, तोवर सगळं आवरलं होतं."

"चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही. ती चढली असती तर मी उडालोच नसतो. पण परवा एका म्हाताऱ्याला घ्यायला गेलो, तर हा त्याच्या बायकोला आत चढवायला लागला. ऐकेचना. शेवटी इंजिन बंद करून मी उतरलो. तेवढा वेळ पेशंटचा गेला."

म्हातारा वाचला, हे त्याने मी न विचारता सांगितलं. साहेबांनी धाकट्याला बजावलं होतं: आपल्या लोकांसाठी मनाच्या डॉक्टरीणबाई येतात, त्यांच्याशी बोल, नाहीतर उडणं बंद. हा जातो, दोन विनोद सांगतो आणि उठून येतो. सोमवारी शेवटची संधी.

मी म्हटलं, "बरं." चहा अगदीच पाणचट होता, तोही संपवला.

परत येताना गाडीत धाकटा म्हणाला, "काय कान भरले त्याने?"

"भरले. जागा होती."

"मला वेडबिड लागलेलं नाही, आई."

"मी म्हटलं का?"

"त्या बाईंपुढे बोललो की ते कागदावर चढतं. मग कायमचं खाली बसवतील. मग काय करू? टायर विकू?"

मी विचारलं, "ती खाणीवरची बाई कशी होती?"

सिग्नल सुटला. मागचे लोक भोंगे वाजवायला लागले. हा स्टिअरिंग धरून तसाच.

"हाताला पीठ लागलं होतं तिच्या," म्हणाला. "भाकरी थापता थापता धावत आली असेल. माझ्या हातमोज्यांना लागलं ते."

"रोज आठवतं?"

"तू घरी एकटी असलीस की."

मी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली. मग त्याला सांगितलं,

"तिला खाली ठेवलंस ते बरोबर केलंस. तिच्या जागी मी असते तर तुला शिव्या घातल्या असत्या, तरीही बरोबरच. पण मला गाडीत बसवून ती वर चढत नाही, धाकट्या. आणि कोणाच्या बदली म्हणून मी कुठे बसायची नाही. सोमवारी त्या बाईंपुढे विनोद बंद. पिठासकट सगळं सांगायचं. खाली बसवलं तर बसायचं खाली, माझं पोर आहेस तोवर उपाशी मरत नाहीस. आणि जायचं ते एकटं. मी येणार नाही."