सिस्टर गाडी घेतात

"सिस्टर, जरा वाकून बघता का?" गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला. बाहेर त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

सिस्टरचे गुडघे हल्ली कुरकुरायचे, तरी दाराला धरून त्या वाकल्या. मिस्त्रींनी खालून बोट घातलं, आणि ते बोट गाडीच्या आत, पायाशी अंथरलेल्या रबरी चटईला ढुशी देत वर आलं. मध्ये पत्रा म्हणून काही उरलाच नव्हता.

"बघितलंत? इथून पाय थेट रस्त्याला टेकतील. पेट्रोल संपलं तरी काळजी नाही."

"तेवढ्याच कोपऱ्यात पाणी धरतं," फोटोग्राफर घाईघाईनं म्हणाले. "बाकीचा पत्रा बघा की. ठोकून बघा हवं तर."

गाडी त्यांची होती. त्यांचा स्टुडिओ बंद झाला होता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ही फुगीर टपाची, सायीच्या रंगाची जुनी गाडी नुसती उभी होती. किराणा दुकानाच्या काचेवर चिकटवलेली तिची जाहिरात सिस्टरनी वाचली, साखर घ्यायची विसरून त्या घरी परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रींना म्हणाल्या, "एक गाडी बघायची आहे. तुम्ही बरोबर चला."

मिस्त्रींना वाटलं, कुणा नातेवाइकासाठी असेल. सिस्टरना गाडी चालवता येत नव्हती. इस्पितळाच्या नोकरीत सगळी उमेदीची वर्षं गेली. वडील लवकर गेल्यामुळे धाकट्या भावंडांची शिक्षणं, मग लग्नं, मग बहिणींची बाळंतपणं, असं एकामागून एक निघत गेलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कधी निघायचा थांबला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. सख्खा भाऊसुद्धा तेच म्हणायचा, आणि "माझ्या बाबतीत ते बरोबरच आहे," असं सांगून स्वतःच हसायचा.

मिस्त्री बाहेर आले. खिशातून एक लोहचुंबक काढून त्यांनी पुढच्या मडगार्डावर टेकवला. तो घसरून खाली पडला. "पत्र्याच्या जागी लांबी भरलीय. वरून रंग, आत पोकळ." मग दारं, टप, मागची डिकी. तिथं मात्र चुंबक चिकटून बसला. त्यांनी चारही दारं उघडून, पुन्हा लावून बघितली. बॉनेट वर केलं, ऑइलची पट्टी ओढून पुसली, परत बुडवून काढली, बोटांत ऑइल चोळून वास घेतला. बॅटरी केव्हाच मेली होती. बरोबर आणलेली जोडून त्यांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, गप्प झाली, परत खोकली आणि मागून निळसर धूर सोडत एकदाची सुरू झाली.

"इंजिनाला दमा आहे," मिस्त्री म्हणाले.

"दम्याचे पेशंट पुष्कळ वर्षं काढतात. जपलं की झालं."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सिस्टर, गाडी कुणासाठी बघतोय आपण?"

"माझ्यासाठी."

"आणि चालवणार कोण?"

"शिकेन."

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

इंजिन हळूहळू तापत होतं. त्याचा आवाज जरा खाली आला. घर्रर्र, मध्येच एक अडखळ, परत घर्रर्र. सिस्टरनी शेडच्या खांबाला हात टेकला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

त्या तिशीच्या आत-बाहेर असताना औषध कंपनीचा एक माणूस त्यांच्या वॉर्डात यायचा. डॉक्टरांची वाट बघत बाकावर बसायचा. इतर कंपन्यांचे लोक नर्सशी फाजील बोलायचे, हा पेशंटांशी बोलायचा. एकदा एका म्हाताऱ्याला त्यानं सबंध वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं, मृत्यूच्या बातम्या तेवढ्या गाळून. सिस्टरनी ते औषधं वाटता वाटता ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. त्याच्याकडे अशीच गाडी होती, याच रंगाची. ड्युटी संपवून त्या फाटकातून बाहेर पडल्या की कधीतरी ती बाहेर उभी असायची, इंजिन सुरू ठेवून. काच खाली करून तो विचारायचा, "घरी सोडू का?"

"नको. भाऊ येतोय न्यायला."

भाऊ तेव्हा शाळेत होता आणि त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. सिस्टर पुढच्या वळणापर्यंत चालत जायच्या आणि बस पकडायच्या. पाठीमागे ती घर्रर्र बराच वेळ तिथंच ऐकू यायची. गाडीत बसलं की पुढचं बोलणं निघेल, बोलणं निघालं की उत्तर द्यावं लागेल, आणि घरी आई पाच पानं मांडून वाट बघत असेल. मग त्याची बदली झाली. सांगायला आला तेव्हा सिस्टर ऑपरेशनच्या खोलीत होत्या. बाहेर येऊन खिडकीशी जाईपर्यंत फाटकाबाहेर फक्त ऑइलचा एक काळा डाग उरला होता. पुढे त्याचं काय झालं, त्यांना कळलं नाही. कुणाला विचारणार? आणि कोण म्हणून विचारणार?

"एक विचारू?" फोटोग्राफर म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केलं होतं. "तुम्ही घेऊन करणार काय हिचं? कालच एकाला परत पाठवलं. त्याला ती लग्नांच्या वरातींना भाड्यानं द्यायची होती. त्याच्या आधीचा सुटे भाग काढून विकणारा. पैशासाठी मी अडलेलो नाही, बाई. माझी बायको शेवटपर्यंत हिच्यातून हिंडली. कारण पटल्याशिवाय मी देणार नाही."

मिस्त्री मदतीला धावले. "अहो, हौस असते एकेकाची."

"हौसेवर गाडी चार महिने टिकते. नंतर तिच्यावर गोधड्या वाळत घालतात."

इस्पितळात सिस्टरनी माणसं मेल्याच्या बातम्या नातेवाइकांना सांगितल्या होत्या, आवाज हलू न देता. आता मात्र त्यांनी आधी दाराची थंड मूठ धरली.

"अशाच एका गाडीत बसायचं राहून गेलं माझं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बस म्हणालं होतं. बऱ्याचदा म्हणालं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. मिस्त्री एकदम चाकापाशी वाकून टायरची नक्षी बघू लागले.

फोटोग्राफरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दुसरा गिअर जरा हट्टी आहे," ते म्हणाले. "दामटायचा नाही. थोडं थांबायचं, मग तो आपणहून पडतो."

भावाच्या घरी गाडी घेतल्याची बातमी पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी भावाचा मुलगा आला, बूट न काढताच आत आला.

"आत्या, अगं काय हे? रस्त्यातून धड चालवत नाही तुला, आणि गाडी? तीसुद्धा भंगारातली?"

"भंगारातली नाही. तळ तेवढा बदलायचाय."

"हिंडायचंय ना? टॅक्सीनं हिंड. रोज हिंड. मी सोय करतो."

"टॅक्सी काही माझ्यासाठी थांबत नाही रे."

"फोन केला की दारात येऊन थांबते!"

सिस्टर हसल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. पोरगा मायेनं बोलत होता, त्याचं चुकत काहीच नव्हतं. त्याला समजावून सांगण्यासारखंही काही नव्हतं.

गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली. तळाला नवा पत्रा बसला, मडगार्ड सोलून निघालं, इंजिन उघडून रिंगा बदलल्या. सिस्टर रोज दुपारी जाऊन स्टुलावर बसायच्या. ऑपरेशन चालू असताना बाहेर नातेवाईक बसतात ना, तसंच दिसतं हे, असं मिस्त्री म्हणायचे. सकाळी त्या शिकवणीच्या गाडीवर क्लच आणि ब्रेक शिकत होत्या. परीक्षेत एकदा नापास झाल्या, परत बसल्या, पास झाल्या.

ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली, त्या दिवशी मिस्त्री शेजारी बसले. सिस्टरनी इस्त्रीची साडी नेसली होती. बाजाराच्या रस्त्यानं त्या हळूहळू गेल्या. दुसरा गिअर पडायला थोडा वेळ लागला, त्यांनी तो दिला. भर चौकात, चहूबाजूंनी हॉर्न वाजत असताना, इंजिनानं एक आचका दिला आणि ते बंद पडलं.

"राहू द्या, किल्ली नका मारू. बसून राहा," मिस्त्री उतरत म्हणाले. "ढकलून बाजूला घेऊ."

फुलवाली आली, बसच्या थांब्यावरचे दोघं आले, मोटारसायकल लावून एक तरुण आला. सगळ्यांनी मागून हात लावले. गाडी जागची हलेना.

"आजी," तो तरुण ओरडला, "ब्रेकवरचा पाय काढा!"

सिस्टरनी पाय काढला. शेजारच्या रिकाम्या सीटवर मिस्त्रींनी पाना टाकला होता. त्यांनी तो उचलून मागे ठेवला आणि सीटवरून एकदा हात फिरवला. मग दोन्ही हातांनी चाक सरळ धरलं. इंजिनाचा आवाज नव्हता, गाडी मात्र हलली होती, आणि सिस्टर ताठ बसून समोर बघत होत्या.