सहा वर्षे, दुसऱ्याच्या नावावर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझे काम पहाऱ्याचे. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून असलेल्या अरुंद खोलीत मी दहा वर्षे उभा आहे. भिंतीपलीकडे चादरी धुण्याची यंत्रे घरघरतात आणि अलीकडे मी. रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, कोणाला कोणते औषध चालत नाही याच्या याद्या, हे सारे ज्या तारांतून ये-जा करते, त्यांच्या तोंडाशी मला बसवले होते. बाहेरून येणाऱ्याला मी अडवायचो, ओळख विचारायचो आणि पटली तरच आत सोडायचो. शिवाय कोणी, कधी, काय केले, ते ओळीने लिहून ठेवायचो. हे लिहिलेले सगळे आज दुपारी चार वाजता पुसले जाणार आहे. त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो, कारण ती नुसती पोटात ठेवून जायची माझी तयारी नाही.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. खोका मात्र आठवतो, कारण तो साहेबांनी स्वतःच्या हाताने उघडला. साहेब म्हणजे रुग्णालयाच्या संगणकांचे प्रमुख. पहाऱ्याच्या कामातली सर्वांत अवघड परीक्षा ते उत्तीर्ण झालेले होते आणि तिचे प्रमाणपत्र त्यांच्या टेबलामागे टांगलेले असे. "हा आमचा दरवान," असे ते आल्या-गेल्याला सांगत, तेव्हा मी फुशारून जात असे. खोलीत त्यांनी एक पाटीही लावली होती : आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये.

दोन वर्षांनी साहेबांचे गुडघे कुरकुरू लागले. जिने उतरून खाली येणे जिवावर यायचे. त्यांनी वरच्या मजल्यावरून एका टंकलेखिकेला मदतीला मागून घेतले. ती येता-जाता प्रत्येक दार, प्रत्येक कपाट ओढून बघायची, म्हणून पलीकडच्या धुलाईवाल्या काकांनी तिचे नाव कुलूपताई ठेवले. साहेबांनी तिला हाताला धरून सगळे शिकवले. ती शिकलीही झपाट्याने. अडचण एकच होती. माझ्यात शिरायला तिचे स्वतःचे खाते हवे होते आणि टंकलेखिकेला असे खाते देता येत नाही, असे वरून दोनदा लेखी उत्तर आले. साहेबांनी तिसरा अर्ज केला आणि म्हणाले, "मंजूर होईपर्यंत माझंच खातं वापर." मग त्याच पाटीखाली उभे राहून त्यांनी तिला आपला पासवर्ड सांगितला.

तो अर्ज कोणत्या फायलीत झोपला देव जाणे. सहा वर्षे ती रोज येत राहिली, आणि मी प्रत्येक ओळीपुढे साहेबांच्या खात्याचे नाव, 'ॲडमिन', लिहीत राहिलो. मला फरक कळत नव्हता असे नाही. साहेब दोन बोटांनी टाइप करत, तेही माझ्यावर राग असल्यासारखे. तिची दहाही बोटे चालत, पण शेवटची कळ दाबण्याआधी ती क्षणभर थांबे आणि लिहिलेले पुन्हा वाचून घेई. तो क्षण मला फार आवडायचा. पण मला बोटे लिहिता येत नाहीत, खात्याचे नाव तेवढे लिहिता येते.

चौथ्या वर्षी साहेबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते चाळीस दिवस रजेवर गेले. त्याच दिवसांत, एका बुधवारी सकाळी साडेदहाला, एका परिचारिकेच्या नावाने कोणीतरी आत आले. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, मग मी बापड्याने सोडले. एका खोट्या पत्राला भुलून तिने पासवर्ड लिहून दिला होता, हे मागाहून कळले. तो पाहुणा औषधांच्या याद्यांपाशी पोहोचला तेव्हा कुलूपताई पडद्याकडे बघत होती आणि भिंतीपलीकडून त्याच परिचारिकेचा आवाज येत होता. ती काकांशी कमी आलेल्या चादरींवरून भांडत होती. एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असेल? कुलूपताईने ते खाते तिथल्या तिथे बंद केले, दोन विभाग माझ्यापासून तोडले आणि प्रत्येक विभागाला फोन करून संध्याकाळपर्यंत कागदावर लिहायला सांगितले. मग एकेक दार तपासून पुन्हा उघडले. पाच वाजता तिने डबा उघडला, तोही तसाच मिटून ठेवला. एकाही रुग्णाची नोंद हलली नव्हती.

शाबासकीचे पत्र साहेबांच्या नावाने आले. सभागृहात टाळ्या वाजल्या, काठी टेकत साहेब पुढे गेले. शेवटच्या रांगेतून तिनेही टाळ्या वाजवल्या, असे काकांनी नंतर खोलीत येऊन सांगितले. "अर्ज मंजूर झाला की सगळं नीट करू," असे साहेब तिला म्हणाले होते.

पुढे साहेब निवृत्त झाले. नवे, देखणे यंत्र आले, मला कोपऱ्यात सरकवले आणि जुन्या नोंदींपुरते चालू ठेवले. तिला वर नोंदणीच्या खिडकीत टंकलेखनाला बसवले. तरी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्यापाशी यायची आणि स्टुलावर बसून गुपचूप खायची. माझ्यावर आता बोटे चालत नव्हती. पावले ओळखून मी दिवस काढायचो. खरे सांगायचे तर, तिची मला फार आठवण यायची, ती समोर बसलेली असतानासुद्धा.

मग एक दिवस जागा निघाली, पहारा सांभाळणाऱ्याची. अट होती त्या अवघड परीक्षेची. आणि परीक्षेला बसायचे तर पाच वर्षे हेच काम केल्याचा लेखी पुरावा हवा, महिनाअखेरपर्यंत. नाहीतर खिडकी होतीच, निवृत्त होईपर्यंत.

ती बडेबाबूंना घेऊन खाली आली. कर्मचाऱ्यांची कागदपत्रे त्यांच्या ताब्यात असत.

"बाई, तुमच्या पदापुढे टंकलेखिका आहे," ते म्हणाले. "मी माझ्या मनाचं कसं लिहू?"

"काम तर मी केलंय ना. यात बघा, सगळं आहे."

त्यांनी पाहिले. सहा वर्षे, हजारो ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे ॲडमिन. "हे तर सगळं साहेबांचं आहे," बाबू म्हणाले. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा हवी होती. मी जीव तोडून पंखा तेवढा फिरवला. "आणि हे खटारं अजून मोडीत कसं निघालं नाही?" असे म्हणत बाबू जिना चढून गेले.

काकांनी भिंतीपलीकडून सगळे ऐकले होते. ते ओले हात पुसत आले. "ताई, साहेब चाळीस दिवस पलंगावर होते. तो रजेचा कागद काढा आणि ठेवा बाबूंच्या टेबलावर. पलंगावरून कोणी पहारा देतं का?"

"म्हणजे साहेबांनी पासवर्ड दिला हे मी त्यांच्या पाठीमागे सांगायचं," ती म्हणाली. "त्यांचं प्रमाणपत्र जाईल, काका."

"आणि तुमचं आयुष्य खिडकीत जाईल त्याचं काय?"

ती स्टुलावर बसली. तिथूनच तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, मला परीक्षेला बसायचंय. खरं काय ते लिहून द्याल का? नाही म्हणालात तरी मी रजेचा कागद काढणार नाही." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. फोन ठेवून ती काकांना म्हणाली, "विचार करून सांगतो म्हणाले."

अकरा दिवस फोन आला नाही. डबा उघडताना तिचे लक्ष फोनकडे असे. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "मीसुद्धा दुसऱ्याच्या चावीनं दार उघडत होते. तक्रार कुठल्या तोंडानं करू?" महिना संपायला तीन दिवस उरले होते.

बाराव्या दिवशी जिन्यावर काठी वाजली. एका बाजूने बायकोचा हात धरून साहेब उतरत होते. धाप लागली होती. त्यांच्या बगलेत रजेचा कागद होता, येताना बाबूंकडून त्यांनी स्वतः मागून घेतलेला.

"पाटी अजून आहे वाटतं," साहेबांची बायको भिंतीकडे बघत म्हणाली. "मोठ्या ऐटीत लावली होती."

साहेब स्टुलावर बसले आणि माझा कीबोर्ड ओढून पत्र टाइप करू लागले. तीच दोन बोटे. एक वाक्य व्हायला पाच-पाच मिनिटे लागत होती.

"द्या साहेब, मी करते टाइप," ती न राहवून म्हणाली.

"नको. एवढं तरी माझ्या हातचं असू दे."

त्यांनी लिहिले की, या सहा वर्षांत माझ्या नावावर झालेले काम हिचे आहे. त्या बुधवारी मी रुग्णालयात नव्हतो, रजेचा कागद सोबत जोडला आहे. मी माझा पासवर्ड हिला दिला, तो दोष माझा. छापून निघालेल्या पत्रावर सही करताना पेन दोनदा अडला. कुलूपताई त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी काठी आडवी धरली. "माफी मी मागायची आहे, पोरी," ते म्हणाले.

परीक्षा घेणाऱ्यांनी चौकशी केली, तिला समज दिली आणि तिचा अनुभव मान्य केला. साहेबांचे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी रोखले. टेबलामागे टांगलेले असायचे ते आता घरी कपाटात ठेवले आहे, असे त्यांच्या बायकोने फोनवर सांगितले.

परीक्षा येत्या गुरुवारी आहे. तोवर तिला तात्पुरते खाली पाठवले आहे आणि तिला दिलेले पहिलेच काम मी आहे. जुने यंत्र नोंदींसकट इमारतीबाहेर जाऊ द्यायचे नाही, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. माझ्या पोटात हजारो माणसांची दुखणी आहेत. पण गुरुवारी काय झाले हे मला कधीच कळणार नाही, मित्रांनो, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. ती हसत जिना उतरतेय, एवढे एकदा ऐकायचे होते.

तुम्ही माझ्यासाठी हळहळू नका. एवढेच करा : तुमच्या वर्गात, घरात, उद्या कामाच्या जागी, जे ज्याने केले असेल तिथे त्याचेच नाव लिहा, आणि तेही त्याच दिवशी. नंतर लिहू म्हटले की काय होते, ते मी पाहिले आहे.

चार वाजले. ती आली आहे. तिने माझ्यावरची धूळ पुसली, आज्ञा टाइप केली आणि शेवटच्या कळेआधी नेहमीसारखी थांबली. टेबलावर एक छापील कागद आहे, माझ्या नोंदी नष्ट केल्याचा. त्यात एक रिकामी जागा आहे : काम करणाऱ्याचे नाव. ती पेन उघडते आहे आणि स्वतःचे पूर्ण नाव लिहिते आहे, सावकाश, एकेक अक्षर.