छत्तीसशेचा आकडा

आमशाने नकाशावर बोट ठेवले आणि ओढा इथे नाही, असे शांतपणे सांगितले. तोरणमाळच्या पायथ्याजवळच्या पाड्यावरून तो पहिल्याच जीपने शहाद्याला आला होता. त्याच्या वनहक्काच्या दाव्याचा नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभेपुढे जायचा होता. ओढा हीच त्याच्या शेताची हद्द. आणि नकाशात तो इतका अलीकडे आला होता, की बापापासून कसलेली दीड एकर जमीन त्याच्या हद्दीबाहेर पडत होती.

तो नकाशा काढणाऱ्या नवनीतने आयुष्यात पुराव्यावाचून हार मानली नव्हती. ड्रोनने टिपलेली नऊशे छायाचित्रे संगणकाने जोडली, त्यात माणसाचा हात लागलाच नाही, तेव्हा चूक झालीच असेल तर ती सांगणाऱ्याची, हे त्याने मुद्देसूदपणे पटवून दिले. आमशाने सगळे ऐकून घेतले.

"भाऊ, मी रोज त्या ओढ्यात पाय धुतो," तो म्हणाला.

जोडणी पुन्हा करायचे ठरले. साडेआठ वाजले होते. जोडणीला आठ तास लागत आणि आमशाची परतीची जीप चारला सुटे. तासभर वाचला तरी पुरे होते, आणि तो वाचवण्याचा एक मार्ग नवनीतला ठाऊक होता. काम चालू असताना संगणक छायाचित्रे ज्या मेमरीत मांडून ठेवतो, तिच्या पाकिटावर बत्तीसशेचा वेग छापलेला होता. नवे यंत्र मात्र मुद्दाम त्याहून कमी वेगावर ठेवलेले असते, तो हाताने वाढवावा लागतो, असे त्याने वाचले होते. वेग वाढवावा आणि मेमरी अडखळली तर काय, या शंकेपायी त्याने दोन वर्षे हा निर्णय टाळला होता. आज टाळण्याची सोय उरली नव्हती. त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि वेगाचे पान उघडले.

पानावर आकडा होता छत्तीसशे.

त्याने तो तीनदा वाचला. वेग कमी नव्हताच. मेमरीला झेपेल म्हणून छापलेल्या वेगाच्याही तो वर होता. या यंत्राला त्याने घरात कोणाला बोट लावू दिले नव्हते. राहिला तो विकणारा, म्हणजे त्याच्या बायकोचा, रोहिणीचा, भाऊ भूपेश. त्याचे नंदुरबारला दुकान होते. फोनवर भूपेशला यात लपवण्यासारखे काही वाटले नाही, उलट इतक्या उशिरा कौतुक होत असल्याचा आनंदच झाला.

"दाजी, घरना जवाईले धीमं मशीन कसं देऊ मी? मन्हा बापनीच सांगेल व्हतं, दुसरास्ना पेक्षा जास्त ठेव."

नवनीतने फोन ठेवला. लगेच त्याने मेमरीची तपासणी लावली. दहा मिनिटांत पडद्यावर तांबड्या ओळी उमटू लागल्या. एकेक ओळ म्हणजे मेमरीला ठेवायला दिले एक आणि तिने परत केले भलतेच. त्या ओळी वाढत गेल्या. मघाशी ज्याला तो आठवण चुकल्याचे बजावत होता, तो माणूस शेजारीच बसून चहा पीत होता.

निर्णय आता उलटा घ्यायचा होता. वेग होता तसा ठेवला तर जोडणी पाचपर्यंत आटोपली असती, जीपवाल्याला तासभर थांबवताही आले असते. पण तो नकाशा खरा, असे कोण म्हणणार? वेग उतरवला तर रात्र होणार आणि आमशा रिकाम्या हाताने ग्रामसभेला जाणार. नवनीतने वेग उतरवला, जोडणी लावली, आणि जुन्या नकाशावर स्वतःच्या हाताने लिहिले: हा नकाशा सदोष यंत्रावर काढला आहे, फेरनकाशा येईपर्यंत आमशा दाखवतील तीच ओढ्याची जागा धरावी. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. आपल्याच कामाविरुद्ध सही करण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

आमशाने कागद नीट दुमडून खिशात ठेवला. पण तो उठला नाही.

"आमच्या पाड्यावरच्या फत्तेसिंगचा नकाशा पण ह्याच मशीनवर काढला ना, भाऊ? त्याने नकाशा बघून मागच्या वर्षी बांध हलवला. भावाशी बोलणं तुटलं त्याचं."

दोन वर्षांत या टेबलावरून सदतीस नकाशे डोंगरात गेले होते. नवनीतने दुसरा कोरा कागद ओढला, फत्तेसिंगचे नाव लिहिले, आणि आणखी कोणाकोणाचे बांध हलले, ते आमशाला विचारले.