अक्रोडाच्या सावलीतला रस्ता

ॲटलस पर्वतातल्या त्या दरीला दोन अंगं. ऊन खाणारं असम्मेर आणि हिवाळाभर सावलीत कुडकुडणारं अमालू. बर्फ आधी कुठे वितळतं हे तिझगात गावच्या शेळ्यांनाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त रस्ता आखायला आलेल्या इंजिनियरसाहेबांना. त्यांचा तरी काय दोष? ते आले भर जुलैत, आणि आल्या पाहुण्याला उन्हात बसवील असा करंटा तिझगातमध्ये अजून जन्मायचा होता.

गावचा कारभार पाहणाऱ्या बस्सू मुकादमाने त्यांना अमालूवरच्या अक्रोडांखाली गालिचा अंथरला. पुदिन्याचा चहा झाला, बोकड कापला, शेजारी झरा खळखळतच होता. साहेब ढेकर देऊन म्हणाले, “काय हवा आहे! रस्ता याच अंगाने नेऊ. वळणंही कमी लागतील.”

“साहेब, एकदा जानेवारीत या,” चहा ओतता ओतता तूदा म्हणाली. गावातली बाळंतपणं हीच करायची. “हीच हवा नाक तोडून हातात देते.”

“तूदे, पाहुण्यासमोर तरी तोंड आवर!” मुकादम डाफरला.

रस्ता झाला. फीत कापली, मुकादमाला फेटा बांधला, फोटोत तो नवरदेवासारखा दिसत होता. मग जानेवारी आला आणि तूदाच्या लेकीला, इज्जाला, कळा लागल्या. मूल आडवं होतं. हे आपल्या हातचं काम नाही हे तूदाने पोटाला हात लावताच ओळखलं. ॲम्ब्युलन्स निघाली, ती दुसऱ्या वळणावरच्या बर्फावर गोल गोल फिरून भिंतीला टेकली. समोर असम्मेरवर मेंढ्या मजेत ऊन खात होत्या. शेवटी चौघांनी इज्जाला शिडीवर बांधलं आणि ओढा ओलांडून खेचरांच्या जुन्या, कोरड्या वाटेने खाली नेलं. इज्जा वाचली, मूल वाचलं नाही. शंभरावर पोरं तूदाने या हातांनी जगात आणली आणि आपलंच नातवंड तेवढं तिला वाचवता आलं नाही.

गाव म्हणालं, देवाची मर्जी. देवाने तर ऊन समोरच्या अंगाला ठेवलं होतं.

अर्जांवर अर्ज गेले आणि पुढच्या वर्षी नवा इंजिनियर आला. अर्थातच जुलैत. इज्जाला तिसरा महिना होता, म्हणजे पुन्हा जानेवारीच. तूदाला नवा रस्ता नको होता. हिवाळ्याआधी खेचरांची वाट रुंद झाली, तरी गाडी घरापर्यंत आली असती. मुकादमाने मात्र अक्रोडांखाली तोच गालिचा झटकून अंथरला.

“या साहेब, इथं बसा, गार आहे.”

तूदाने चहाची किटली आणि पेले उचलले आणि ओढ्याकडे चालू लागली.

“अगं, कुठं चाललीस? पाहुणा इकडं आहे!”

“चहा तिकडं आहे, बस्सूदादा.”

ज्या बाईने चहा केला ती मांडेल तिथे पाहुण्याने जायचं, ही तिझगातची रीत. ती मोडायची छाती मुकादमाचीही नव्हती. साहेब ओढा ओलांडून आला. तूदाने त्याला जुन्या वाटेवरच्या तापल्या धोंड्यावर बसवलं. भर दुपार होती. घाम त्याच्या कॉलरमध्ये उतरला.

“काकी, फार भाजतंय हो इथं.”

“भाजतंय ना? जानेवारीतही इथं ऊन येतं. त्या अंगाला महिनाभर येत नाही. आधी हे लिही.”

“लिहितो. पण चहा...”

“लिहिल्यावर.”

साहेबाने वही काढून लिहिलं. तूदाला वाचता येत नव्हतं. तिने त्याच्याकडून ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं, दुसऱ्यांदा पलीकडे सावलीत बसलेल्या मुकादमाला ऐकू जाईल असं, आणि मगच पेला भरला.